दोन चित्रांमधला सांधा

निगेटिव्हचा प्रवास कागदावर संपतो, स्लाइडचा पडद्यावर. स्लाइड म्हणजे जिच्यावर थेट सरळ, खऱ्या रंगांचं पारदर्शक चित्र उमटतं ती फिल्म. मी फोटोग्राफी शिकू लागले तेव्हा दोन्ही वाटा खुल्या होत्या आणि मी दुसरी धरली. कॅमेऱ्यात ज्या फिल्मवर उजेड पडला, तोच २४ बाय ३६ मिलिमीटरचा तुकडा ५० मिलिमीटरच्या चौकोनी माउंटमध्ये बसतो आणि तसाच दिव्यासमोर जातो. मध्ये प्रिंट काढणारा कुणी नाही. कागदावरचं चित्र खोलीतला उजेड परत फेकतं. स्लाइडमधून दिवा आरपार येतो, म्हणून तिच्यातलं पाणी चमकतं आणि तिच्यातली सावली खरोखर खोल असते. या उजेडापायी मी वर्षानुवर्षं स्लाइड फिल्म वापरली. नंतर डिजिटल आलं, प्रोजेक्टर बदलले, कॅसेटच्या जागी संगणकावरची टाइमलाइन आली, आणि आज मी संगीतासह डिजिटल स्लाइड शो करते. एवढ्या बदलांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका छोट्या जागेनं. पहिलं चित्र जातं, दुसरं येतं, त्या दोघांमधल्या सांध्यानं.

स्लाइड फिल्म फार कडक शिस्तीची. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं. निगेटिव्ह एक-दोन स्टॉपचा फरक पोटात घालते. स्लाइडवर अर्ध्या स्टॉपचा फरकसुद्धा पडद्यावर लगेच दिसतो. तिचा सगळा आवाका मिळून साधारण पाच स्टॉपचा. ढगातला तपशील राखायचा की झाडाखालचा, हे शटर दाबण्याआधीच ठरवावं लागे. मी नेहमी ढगाच्या बाजूनं कौल द्यायची. पडद्यावर जळून गेलेला पांढरा भाग म्हणजे नुसता दिवा, तो डोळ्यांना टोचतो. काळोखात बुडालेली सावली चालून जाते.

प्रत्येक फिल्मचा स्वभावही वेगळा. १९३५ साली आलेल्या कोडॅकच्या कोडाक्रोममध्ये रंग घडवणारी संयुगं फिल्ममध्ये नसतच, ती धुताना बाहेरून घातली जात. त्यामुळे तिचं प्रोसेसिंग फार थोड्या लॅबना जमे. एक्टाक्रोम आणि फुजीच्या फिल्म ई-६ पद्धतीनं धुतल्या जात: पहिला डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला, सहा मिनिटं, आणि पारा अर्धा अंशही हलू द्यायचा नाही. १९९० मध्ये फुजीची वेल्व्हिया आली. तिचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, अवघा ५० आयएसओ, ट्रायपॉडशिवाय तिचं पान हलत नसे, पण पावसाळी हिरवा रंग ती ज्या ओलाव्यानं पकडायची तसा मी दुसऱ्या फिल्ममध्ये पाहिलेला नाही.

रोल धुऊन आला की लाइट टेबलवर स्लाइड मांडायच्या आणि भिंगातून एकेक तपासायची. फोकस, एक्स्पोजर, चौकट. नापास स्लाइड बाजूला गेल्या की उरलेल्या सरकवत बसणं हा माझा सगळ्यात आवडता वेळ. दोन स्लाइड शेजारी आल्या की त्यांच्यात काहीतरी सुरू होतं. एकीतली नदीची वळणरेषा दुसरीतल्या पाठमोऱ्या माणसाच्या खांद्याशी जुळते. तिसरी मध्ये घातली की ते तुटतं. टेबलावर हे सगळं एका नजरेत दिसायचं. पडद्यावर मात्र ते पोचत नसे, आणि याला कारण होतं यंत्र.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या कॅरोसेल प्रोजेक्टरनं स्लाइड दाखवण्याची पद्धत सगळीकडे पक्की केली. वर गोल ट्रे, त्यात ८० खाचा. मोठा ट्रे १४० चा. ट्रे एक घर पुढे सरकला की स्लाइड स्वतःच्या वजनानं खाली दिव्यासमोर पडते. तोपर्यंत झडप बंद, म्हणजे पडदा साधारण सेकंदभर काळा. खट्, काळोख, पुन्हा खट्, नवं चित्र. यंत्र म्हणून ते अफलातून होतं, क्वचितच अडकायचं. पण त्या सेकंदाच्या काळोखात प्रेक्षकाची नजर सैल पडायची. आधीचं चित्र कुठे सुटलं याचा धागा हातात राहत नसे, आणि प्रत्येक स्लाइड एकटी येऊन एकटीच निघून जायची. व्याख्यानाला हे ठीक, कारण तो काळोख बोलणाऱ्याचा आवाज भरून काढतो. बोलणारं कुणी नसेल तर तो उघडा पडतो.

म्हणून दोन प्रोजेक्टर. एकाच्या ट्रेमध्ये विषम क्रमांकाच्या स्लाइड, दुसऱ्यात सम क्रमांकाच्या, दोघांचे झोत एकाच पडद्यावर एकाच चौकटीत. मधला डिझॉल्व्ह युनिट, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवणारं उपकरण, पहिल्याचा दिवा मंद करत नेतो आणि त्याच वेळी दुसऱ्याचा उजळत नेतो. पहिला पूर्ण विझला की काळोखात त्याचा ट्रे सरकतो, तोवर पडद्यावर दुसऱ्याचं चित्र असतंच. काळा सेकंद नाहीसा झाला. त्याच्या जागी दोन-तीन सेकंदांचा असा एक काळ आला, ज्यात दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात. स्लाइड शो करणारे त्याला तिसरं चित्र म्हणतात. ते कोणत्याच फिल्मवर नसतं. फक्त पडद्यावर, तेवढ्यापुरतंच असतं.

ही कल्पना फोटोग्राफीपेक्षा जुनी आहे. क्रिस्तियान हायगेन्सनं १६५९ च्या सुमारास मॅजिक लँटर्न तयार केला आणि एकोणिसाव्या शतकात दोन लँटर्न एकत्र जोडून दिवसाचं दृश्य रात्रीच्या दृश्यात विरघळवण्याचे खेळ लोकप्रिय झाले. आपल्याकडे महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्याच शतकाच्या अखेरीस हातानं रंगवलेल्या काचांचे ‘शांबरिक खरोलिका’चे प्रयोग केले, कथेला संवाद आणि गाण्याची जोड देऊन. चित्र, अंधार आणि सूर हे त्रिकूट कॅमेऱ्यानं जन्माला घातलेलं नाही. कॅमेरा त्यात मागून सामील झाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

दोन प्रोजेक्टर एकमेकांवर बसवणं म्हणजे संयमाची कसोटी. दोन्हींची लेन्स एकाच नाभीय अंतराची हवी, दोन्ही पडद्याला काटकोनात हवे, दिवे सारखे वापरलेले हवेत. नाहीतर एक चित्र पांढरं आणि एक पिवळसर येतं. ट्रायपॉड न हलवता घेतलेली दोन चित्रं तंतोतंत जुळायला हवी असतील तर साध्या माउंटवर भागत नाही, फिल्मच्या कडेच्या भोकांत पिना अडकवणारे रजिस्टर माउंट लागतात. शिवाय उष्णता. अडीचशे वॅटच्या हॅलोजन दिव्यासमोर फिल्म फुगते आणि पाहता पाहता फोकसमधून उडी मारते. काचेचे माउंट घेतले तर फिल्म सपाट राहते, पण ओलावा असेल तर काच आणि फिल्म जिथे टेकतात तिथे इंद्रधनुषी वलयं दिसतात. त्यासाठी खास खरबरीत काच मिळायची. हे सगळं सांभाळून जेव्हा धुक्यातली टेकडी जागच्या जागी स्वच्छ होत गेली आणि तिच्या उतारावरची झाडं एकेक करून उगवली, तेव्हा कॅमेऱ्यानं वेळही दाखवता येतो हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

संगीत होतं कॅसेटवर. चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर दोन ट्रॅक संगीताला आणि एक संकेतांना. संकेत ऐकू येत नाही. तो फक्त युनिटला सांगतो की आता बदल, इतक्या सेकंदांत बदल. संगीत आधी पक्कं करायचं, मग ते ऐकत ऐकत बोट बटणावर ठेवून संकेत भरायचे. अधलामधला संकेत बदलता येत असे, पण सगळ्या पुढच्या गोष्टी हलू न देता तो बदलणं जिकिरीचं. म्हणून मी कागदावर तक्ता आखायची. डाव्या रकान्यात वेळ, मग स्लाइडचा क्रमांक, मग विरघळण्याचा काळ, शेवटी संगीतात त्या वेळी काय चाललंय ते. ‘बासरी वर चढते’, ‘तबला सुरू’, ‘शांतता’. स्टॉपवॉच, पेन्सिल आणि खोडरबर. मी आजही नवीन काम असंच सुरू करते, कारण कागदावर संपूर्ण बांधणी एका नजरेत दिसते आणि स्क्रीनवर तुकडा तुकडा दिसतो.

माझ्या एका बासरीवादक मित्रानं त्या काळात मला एक गोष्ट शिकवली. आम्ही त्याच्या वादनावर झाडांची मालिका बसवत होतो. तो डोळे मिटून ऐकायचा, मग उघडून पाहायचा. एका जागी थांबवून म्हणाला, “अगं, माझा षड्ज अजून हवेत आहे. तो विरायच्या आधीच तू झाड का काढून घेतलंस?” मी स्वर सुरू होण्याच्या क्षणाकडे लक्ष देत होते, तो स्वर संपण्याकडे. वाद्याचा स्वर थांबला तरी त्याची आस काही काळ राहते, आणि चित्राचंही तसंच आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक सांध्याला दोन प्रश्न विचारते: संगीतात काय सुरू होतंय, आणि काय संपतंय. बहुतेक वेळा चित्र संपणाऱ्या गोष्टीबरोबर गेलेलं चांगलं. सुरू होणारी गोष्ट प्रेक्षकाला कानांनी आधी कळू दे, चित्र तिच्या मागून येऊ दे.

लयीचं गणित मात्र सोपं आहे. मिनिटाला ७२ मात्रांची लय असेल तर सोळा मात्रांचं एक आवर्तन साधारण १३.३ सेकंदांचं. आवर्तनात दोन चित्रं बसवली तर प्रत्येकाला पावणेसात सेकंदांच्या आसपास मिळतात, आणि शांत चित्र वाचायला तेवढा वेळ पुरतो. तीन सेकंदांच्या डिझॉल्व्हचा मध्य समेवर यायला हवा असेल तर तो समेच्या दीड सेकंद आधी सुरू करावा लागतो. पण प्रत्येक बदल समेवर आणला की तिसऱ्या-चौथ्या चित्रानंतर प्रेक्षक समेची वाट पाहू लागतो आणि चित्र पाहायचं सोडतो. मी समेवर मोजकेच बदल ठेवते, जिथे विषय खरोखर वळण घेतो तिथे. बाकीचे मधल्या मात्रांवर, कधी आलापाच्या मोकळ्या जागेत, जिथे मोजायला ठेकाच नसतो.

डिजिटल माझ्याकडे एकदम आलं नाही. १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसननं बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचं चित्र होतं १०० बाय १०० पिक्सेलचं, आणि ते कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९९ मध्ये निकॉन डी१ आला तो पावणेतीन मेगापिक्सेलचा. २००३-०४ मध्ये सहा मेगापिक्सेलचे डिजिटल एसएलआर कॅमेरे सामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यात आले. कॅमेरा घेण्यापेक्षा मला आधी स्कॅनर घ्यावासा वाटला. माझं सगळं काम स्लाइडमध्ये होतं आणि प्रोजेक्टरचे दिवस भरत आल्याचं दिसत होतं. कोडॅकनं २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं. कोडाक्रोमचं उत्पादन थांबल्याची घोषणा २००९ मध्ये झाली आणि ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबनं ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले. त्या तारखेनंतर कॅमेऱ्यात राहिलेल्या कोडाक्रोमचे रंग पुन्हा तसे उमटवण्याची सोय राहिली नाही. हे वाचलं तेव्हा मला एखादी बोली बंद पडल्यासारखं वाईट वाटलं.

स्कॅनिंग हे हळू आणि सावकाशीनं करायचं काम आहे. ४००० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ४००० ठिपके वाचून, ३५ मिलिमीटरच्या स्लाइडचे सुमारे ५६०० बाय ३७०० पिक्सेल होतात, म्हणजे वीस-एकवीस मेगापिक्सेल. १६ बिटमध्ये साठवलं तर एकेक फाइल सव्वाशे एमबीच्या घरात. धूळ हा मोठा शत्रू. चांगल्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखण्याची सोय असते: रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, धूळ अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअरला डाग कुठे आहेत ते कळतं. चांदीच्या कणांनी बनलेल्या कृष्णधवल फिल्मवर ही युक्ती चालत नाही, आणि कोडाक्रोमवरही भरवशाची नाही. तिथे मऊ ब्रश, हवेचा फुगा आणि नंतर स्क्रीनवर एकेक डाग हातानं काढणं. कोडाक्रोमचं स्कॅन निळसरही येतं; तिच्यासाठी रंग सुधारणारं वेगळं प्रोफाइल लागतं. स्लाइडच्या गडद भागात इतका दाट रंग असतो की साधा स्कॅनर तिथे तपशिलाऐवजी नुसते विस्कळीत ठिपके दाखवतो. एकच स्लाइड अनेकदा वाचून त्यांची सरासरी घेणारा पर्याय असेल तर तो वापरावा, वेळ लागला तरी.

आणि एवढं करून ते दाखवायचं कशावर? त्या वेळचे डिजिटल प्रोजेक्टर बहुतेक १०२४ बाय ७६८ पिक्सेलचे, म्हणजे एक मेगापिक्सेलही नाही. वीस मेगापिक्सेलच्या स्कॅनमधला फार थोडा भाग पडद्यापर्यंत पोचायचा. काळा रंग करडा पडायचा. स्लाइडचा उजेड पाहिलेल्या डोळ्यांना ते फिकं वाटत होतं आणि ते खरंच फिकं होतं. तरी मी तिकडे गेले, कारण सांधा माझ्या हाती आला होता. टाइमलाइनवर चित्र एक दशांश सेकंद पुढे-मागे करता येतं, लगेच पाहता येतं, आणि एकाला हात लावला तरी बाकीचे हलत नाहीत. प्रोजेक्टर पुढे सुधारले. फुल एचडी म्हणजे वीस लाखांहून थोडे अधिक पिक्सेल, फोर-के म्हणजे त्र्याऐंशी लाखांच्या आसपास, आणि काळ्या रंगाची खोलीही आता बरीच परत आली आहे.

सॉफ्टवेअरमध्ये एका चित्रातून दुसऱ्यात जाण्याचे शेकडो प्रकार असतात. पानं उलटतात, चौकोन फिरतात, चित्राचे तुकडे होऊन उडतात. मला त्यातले दोनच लागतात: कट, म्हणजे चित्र एका झटक्यात बदलणं, आणि डिझॉल्व्ह. कधीतरी काळ्यातून उजळणं आणि काळ्यात मावळणं, पण ते प्रकरण उघडण्यासाठी आणि मिटण्यासाठी. पान उलटताना प्रेक्षक उलटणारं पान पाहतो. डिझॉल्व्हमध्ये तो चित्रं पाहतो.

डिझॉल्व्हमध्ये मात्र एक सूक्ष्म फरक आहे आणि तो दोन प्रोजेक्टर वापरलेल्या माणसाला चटकन जाणवतो. पडद्यावर दोन दिव्यांचे झोत खरोखर बेरजेनं एकत्र येत. सॉफ्टवेअर करतं ती पिक्सेलच्या आकड्यांची सरासरी, आणि ते आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात, गॅमा २.२ या ठरावीक वक्रानुसार दाबलेले असतात. आकडा निम्मा झाला की उजेड उरतो जेमतेम २२ टक्के. त्यामुळे काळोख्या चित्रातला चंद्र किंवा दिव्यांची ओळ दुसऱ्या काळोख्या चित्रात विरघळताना मध्यावर एकदम मलूल पडते आणि पुन्हा उजळते. काही सॉफ्टवेअरमध्ये लिनिअर, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात, मिश्रण करण्याचा पर्याय असतो, तो शोधून चालू करावा. नसेल तर मी जाणारं चित्र थोडा जास्त वेळ पूर्ण उजेडात धरते आणि येणारं आधी चढवते, म्हणजे मधला खड्डा भरून निघतो. जुन्या हॅलोजन दिव्याची एक लकब मात्र मला अजून आठवते. मंद होताना तो तांबूस व्हायचा, त्यामुळे प्रत्येक चित्र जाताना किंचित उबदार होऊन जायचं. एका मालिकेत मी शेवटच्या दोन सेकंदांत रंगाचं तापमान मुद्दाम खाली आणलं आहे. ती मालिका जुन्या स्लाइडची आहे, त्यांना ते शोभतं.

चित्रावर हळूच सरकणं किंवा त्यात शिरणं हा हल्ली सर्रास वापरला जाणारा प्रकार. अॅपलच्या सॉफ्टवेअरमध्ये तो माहितीपटकार केन बर्न्सच्या नावानं असतो. जुने फोटो हेच साहित्य असलेल्या माहितीपटात नजरेला वाट दाखवायला तो अचूक काम करतो. स्लाइड शोमध्ये सगळ्याच चित्रांना तो लावला की कुठलंच चित्र उभं राहत नाही. छायाचित्रकारानं चौकट निवडलेली असते; ती सतत हलवत राहणं म्हणजे ती निवडच नाकारणं. मी हालचाल तेव्हाच देते जेव्हा ती सांध्याला उपयोगी पडते, म्हणजे पहिल्या चित्रातला केंद्रबिंदू दुसऱ्यातल्या केंद्रबिंदूच्या जागी न्यायचा असतो तेव्हा.

आता त्या केंद्रबिंदूबद्दल, कारण माझ्या सगळ्या कामाचं मूळ तिथे आहे. चित्र बदलतं तेव्हा प्रेक्षकाची नजर पडद्यावर एका ठरावीक जागी असते. पहिल्या चित्रात उजवीकडे खाली पक्षी असेल तर नजर तिथे आहे. दुसऱ्या चित्रातली महत्त्वाची गोष्ट डावीकडे वर असेल तर डोळ्यांना उडी मारावी लागते, आणि त्या उडीत अर्धा-एक सेकंद जातो. अशा वीस उड्या झाल्या की प्रेक्षक दमतो, का ते त्याला कळत नाही. नजर आहे त्याच जागी पुढची गोष्ट उगवली तर दोन्ही चित्रं एका वाक्यासारखी वाचली जातात. कधी उडी हवीच असते, धक्का द्यायला, तिथे कट. हे कळल्यापासून मी संपादनाला बसताना चित्रांच्या छोट्या प्रती छापते आणि प्रत्येकीवर पेननं एक टिंब काढते, नजर शेवटी जिथे विसावते तिथे. मग टिंबांच्या आधारानं क्रम लावते. विषयानं लावलेला क्रम आणि टिंबांनी लावलेला क्रम भांडतात तेव्हा बहुतेक वेळा टिंबांचं ऐकावं, असं माझं मत आहे.

यानं माझं फोटो काढणंही बदललं. पूर्वी एका जागी एक उत्तम चित्र मिळालं की मी पुढे जायची. आता ट्रायपॉड तसाच ठेवून उजेड बदलेपर्यंत थांबते. क्षितिजरेषा दोन वेगळ्या ठिकाणच्या चित्रांत एकाच उंचीवर ठेवते, म्हणजे समुद्र माळरानात विरघळताना रेषा हलत नाही. फोकस पुढच्या फांदीवर ठेवून एक आणि मागच्या डोंगरावर ठेवून एक, अशी जोडी घेते. रिकामी चित्रंही घेते: भिंत, धुकं, पाण्याचा पृष्ठभाग. भिंतीवर टांगायला ती कुणी मागणार नाही, पण दोन ठाम चित्रांमध्ये श्वास घ्यायला तीच लागतात. फिल्मच्या काळात ३६ चित्रांच्या रोलमधली दोन अशा चित्रांवर घालवणं जिवावर यायचं. डिजिटलनं मला दिलेली सगळ्यात मोठी मोकळीक ही.

उभ्या चित्रांचा प्रश्न वेगळा. फिल्मची स्लाइड चौकोनी माउंटमध्ये, त्यामुळे आडवं आणि उभं दोन्ही पडद्यावर सारख्याच मोठ्या आकारात यायचं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ३:२ चं आडवं चित्र १६२० बाय १०८० होतं, तर उभं ७२० बाय १०८०, म्हणजे आडव्याच्या निम्म्याहूनही लहान. मी उभी चित्रं कापत नाही. ती जोडीनं आणते, एक डावीकडे उगवतं, ते राहतं, मग उजवीकडे दुसरं. दोघांमधली काळी पट्टीही मग चित्राचा भाग होते.

संगीत निवडताना मी एक कसोटी लावते: ते संगीत चित्रांशिवायच सगळी गोष्ट सांगून टाकत असेल तर ते नको. शब्द असलेलं गाणं तर फार जपून, कारण कान शब्दाकडे धावतात आणि डोळे त्यांच्या मागे जातात. एकट्या वाद्याला जागा जास्त असते. हक्कांचा मुद्दा इथेच बोलायला हवा. रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. दोनशे वर्षं जुनी रचना मुक्त असली तरी तिचं अलीकडचं ध्वनिमुद्रण मुक्त नसतं. आपलं काम इतरांना काही अटींवर वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत, पण त्यातल्या ‘बदल करू नये’ अशा अटीचं संगीत व्हिडिओला जोडता येत नाही, कारण हलत्या चित्राशी वेळ जुळवून संगीत वापरणं हाच त्या परवान्यांत बदल मानला जातो. मला सगळ्यात बरं वाटतं ते ओळखीच्या वादकाकडून वाजवून घेणं, लेखी परवानगीसह. मग संगीत चित्राला थांबायला सांगतं तसं चित्रही संगीताला थांबायला सांगू शकतं.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात: मूळ ध्वनी वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, फाइलमध्ये ठेवावा, व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झवर आधीच बदलून घ्यावा, आणि शांततेसाठी जागा सोडावी. संगीत थांबून चित्र एकटं उरणं, हा माझ्या मते अशा कामातला सर्वात प्रभावी क्षण असतो, आणि तो एका स्लाइड शोमध्ये एकदाच वापरावा.

सभागृहात मी नेहमी लवकर पोचते. आधी करड्या रंगाच्या पायऱ्यांची पट्टी दाखवून पाहायची: सगळ्यात गडद दोन पायऱ्या वेगळ्या दिसतात का, सगळ्यात उजळ दोन वेगळ्या दिसतात का. व्हिडिओचा काळा रंग १६ या आकड्यापासून धरायचा की शून्यापासून, यावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांचं एकमत नसेल तर काळं करडं पडतं किंवा सावल्या बुजतात. सेटिंगमध्ये ते दोन मिनिटांत सुटतं. मग मागच्या रांगेत बसून सर्वात हळू स्वर ऐकू येतो का ते पाहायचं.

आणि जपणूक. नीट ठेवलेल्या कोडाक्रोम स्लाइड अंधारात अनेक दशकं रंग टिकवतात, फक्त प्रोजेक्टरच्या उजेडात त्या लवकर उतरतात. डिजिटल स्लाइड शोला असा अंधार पुरत नाही. मी वापरत असलेलं एक सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद झाली आणि त्यातली प्रोजेक्ट फाइल दुसरीकडे उघडेना. म्हणून आता प्रत्येक कामाच्या चार गोष्टी वेगळ्या ठेवते: पूर्ण आकाराची चित्रं, संगीताची वेव्ह फाइल, तयार झालेला एमपी४ व्हिडिओ, आणि तोच जुना तक्ता, वेळ, क्रमांक, विरघळण्याचे सेकंद आणि संगीताची एक ओळ.

अलीकडे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला मी एका जुन्या कामाचा फक्त तक्ता, चित्रं आणि संगीत दिलं. तिनं ते वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभं केलं. पाहताना मध्येच थांबवून म्हणाली, “ताई, इथे तुम्ही चार सेकंदांचा डिझॉल्व्ह लिहिलाय. मी कट करून बघू?” तिनं केला. बासरी तुटते आणि तबला सुरू होतो, नेमकी ती जागा. मी तक्त्यातले चार सेकंद खोडून तिथे कट लिहिला.